भागीचं घोडं

कुलूप उघडेना.

सकाळचे नऊ चाळीस. फाटकासमोर आम्ही अकरा जण आणि तीन किल्ल्या. त्या मुद्दाम तीन वेगवेगळ्या घरांत ठेवल्या होत्या, म्हणजे एक घर वाटेत अडकलं तरी दुसरं येऊन फाटक उघडेल. तिन्ही घरं आली, तिन्ही किल्ल्या आल्या, तिन्ही आत शिरल्या आणि एकही फिरली नाही. आमच्यातला इंजिनियर गुडघ्यांवर बसून कुलपात फुंकर घालत होता. त्याच्या बायकोनं पर्समधून केसांच्या तेलाची छोटी बाटली काढून दिली. एकानं दगड उचलला, दुसऱ्यानं तो त्याच्या हातून काढून घेतला. कुलूप जाडजूड आणि पितळी होतं, पाहताक्षणी भरवसा वाटावा असं. घेताना आम्ही त्यावर चांगला अर्धा तास खल केला होता. ते बाहेरून कुणाला तोडता येऊ नये एवढाच विचार त्या अर्ध्या तासात झाला. चार वर्षं पावसात लटकल्यावर ते आम्हाला तरी उघडता येईल का, हे कुणी विचारलं नव्हतं.

ही आमची रंगीत तालीम होती. समजा आज रात्री काही झालं, तर घराला कुलूप लावून निघाल्यापासून तिथे पोहोचून पाणी उकळेपर्यंत किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहायचं होतं. नोंदवही माझ्याकडे असते, कारण पहिल्याच बैठकीत "तुझं अक्षर चांगलं आहे" असं कुणीतरी म्हणालं आणि मी नाही म्हणायला उशीर केला. मी वहीत लिहिलं, "९.४०, पोहोचलो. कुलूप." पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून वही बंद केली.

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे, भागीचं घोडं किवणानं मेलं. घोडं चार जणांच्या मालकीचं. प्रत्येक जण त्याच्यावर बसून जातो, पाठीवरची जखम मात्र दुसरा कुणी धुईल असं प्रत्येकाला वाटतं. जखमेत किवण होतं आणि घोडं मरतं. ही म्हण मला लहानपणापासून पाठ होती. तरीही नऊ घरांत मिळून एक घोडं घ्यायच्या कागदावर मी सही केली.

* * *

विषय निघाला २०२० साली. सगळं जग दाराला कडी लावून बसलं होतं आणि रात्री नऊनंतर आमच्या ओळखीची काही घरं पडद्यावर एकमेकांना भेटत होती. पहिले काही दिवस तब्येतीच्या चौकश्या झाल्या, मग पाककृती झाल्या, मग एके रात्री कुणीतरी म्हणालं, आपली एखादी जागा हवी होती. लांब, मोकळी, पाण्याची. जिथे सगळे मिळून राहू. एकट्याला ते कुणालाच झेपणारं नव्हतं. नऊ घरांनी मिळून केलं तर झेपत होतं. हे गणित पहिलीतलं आहे, पण ते सुटल्यावर आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं.

जागेवर सगळ्यांचं चटकन एकमत झालं. कशासाठी, यावर आजतागायत झालेलं नाही.

एकाच्या मनात पूर होता, म्हणून त्याला उंचावरची जमीन हवी होती. दुसऱ्याच्या मनात युद्ध, त्याला मोठ्या रस्त्यापासून दूर हवी होती. ज्यांच्या घरी हृदयरोगी होते त्यांना मोठा रस्ता आणि इस्पितळ जवळ हवं होतं. एकीला वाटत होतं की खरं संकट म्हणजे दोघांच्याही नोकऱ्या जाणं, आणि तसं झालं तर तिथे भाडं न भरता राहता आलं पाहिजे. यावर दोन मिनिटं शांतता पसरली. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर जी आपत्ती होती ती सगळ्यांवर एकदम येणारी, सन्मानाची होती. एकट्यावर येणारी आपत्ती गटाच्या खर्चानं सोसायची का, हा प्रश्न तेव्हा कुणीच तोंडानं उच्चारला नाही. मी वहीत "चर्चा पुढे ढकलली" असं लिहिलं. ती अजून पुढेच आहे.

माझ्या नवऱ्यानं त्याच सुमारास एक खडा टाकला. नॉर्वेत लोकांना डोंगरात नाहीतर समुद्रकाठी स्वतःची लाकडी घरं ठेवायची भारी हौस, अशी चार लाखांहून जास्त घरं त्या छोट्या देशात आहेत. साथ आल्यावर माणसं तिकडे निघाली, आणि मार्च २०२० मध्ये सरकारनं आपल्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या अशा घरात रात्री मुक्काम करायलाच बंदी घातली. सुमारे महिनाभर ती होती. कारण सरळ होतं. त्या लहान गावांतले दवाखाने तिथल्या कायमच्या रहिवाशांपुरते, वरून हजारो पाहुणे आजारी पडले तर त्यांना पाहणार कोण? "म्हणजे ज्या संकटासाठी आपण जागा घेतोय, नेमक्या त्याच संकटात तिथे पोहोचता आलं नसतं," नवरा म्हणाला. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. गप्प करणाऱ्यांत मीही होते. लोक एकत्र येऊन स्वप्न पाहत असले की त्यांना हिशेबी माणूस चालतो, शंकेखोर चालत नाही.

* * *

हिशेबी माणूस म्हणजे आमचा इंजिनियर. त्यानं एका रविवारी सगळी माणसं मोजली. आजी-आजोबा, पोरं, एक पोटात असलेलं, असे मिळून एकतीस. मग त्यानं मदतकार्य करणाऱ्या संस्था ज्यांवर चालतात ती स्फिअरची मानकं काढली. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी. पिणं, रांधणं, अंग धुणं सगळं धरून. एकतीस जणांचे दिवसाला चारशे पासष्ट लिटर. महिन्याचे जवळजवळ चौदा हजार. छताखाली माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे एकशे साडेआठ. वीस माणसांमागे निदान एक संडास, आणि तो विहिरीपासून तीस मीटर तरी लांब.

हे आकडे ऐकल्यावर आमच्या कल्पनेतला तो मोकळा माळ एकदम आखडला. तोवर आम्ही जमीन पाहायला जायचो ती डोळ्यांनी. झाडं किती, वारा कसा, सूर्य कुठे मावळतो. आता तो टेप घेऊन यायचा आणि विहीर कुठे नि संडास कुठे हे आधी विचारायचा. पावसाचं गणितही त्यानंच शिकवलं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छप्पर एकशे दहा चौरस मीटरचं असेल आणि एक चांगली सर दहा मिलिमीटर देऊन गेली, तर अकराशे लिटर. उडून, ओघळून जाणारं वजा केलं तरी सगळ्यांची दोन दिवसांची सोय. त्या दिवसापासून पाऊस पडला की मी मनातल्या मनात लिटर मोजते. वाईट खोड आहे.

एक जमीन सुंदर होती आणि स्वस्त होती. सगळ्यांनी ती मनोमन घेतलीही होती. तिथे जायची वाट दुसऱ्याच्या शेतातून होती आणि त्या वाटेचा हक्क कागदावर कुठेच नव्हता. "आजवर कुणी अडवलं नाही," दाखवणारा म्हणाला. शांततेच्या दिवसांत कुणी अडवत नाहीच. आम्ही ती सोडली. त्यावरून एक घर रुसलं आणि गटातून बाहेर पडलं. त्यांच्या जागी दुसरं आलं.

शेवटी घेतली ती जमीन दिसायला अगदीच साधी होती. थोडी चढावर, दगडगोट्यांची. पण वाट कागदोपत्री होती, एक जुनी विहीर होती आणि तिच्यावर हातपंप. टाकीत अर्धं इंधन असलं तरी पोहोचता येईल एवढ्या अंतरावर. चालत जायचं तर धडधाकट माणसाला दोन दिवस. आजीला घेऊन किती, हे आम्ही मोजलं नाही.

* * *

जमीन पसंत करायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट कागदाला लागला. आणि बरं झालं लागला, कारण तिथेच मला कळलं की सामाईक मालकी हा प्रकार किती नाजूक असतो.

आमची पहिली कल्पना भाबडी होती. नऊ नावं खरेदीखतावर टाकायची, झालं. वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नऊ नावं म्हणजे नऊ अविभक्त हिस्से. अविभक्त म्हणजे अमुक तुकडा माझा असं कुणालाच म्हणता येत नाही, दगडादगडात सगळ्यांचा नववा भाग. एखाद्याचं कर्ज थकलं तर कर्ज देणारा त्याच्या हिश्श्यावर येऊन बसू शकतो. एखादा गेला तर त्याचा हिस्सा वारसांकडे जातो, मग ते तुमच्या ओळखीचे असोत वा नसोत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नऊतल्या कुणा एकालाही उद्या उठून वाटप मागता येतं. इच्छेविरुद्ध कुणालाही सामाईकात अडकवून ठेवता येत नाही, हे तत्त्व रोमन कायद्याइतकं जुनं आहे आणि कितीतरी देशांच्या कायद्यांत ते या ना त्या रूपानं आलेलं आहे. विहिरीचे नऊ तुकडे करता येत नाहीत. म्हणजे वाटप मागितलं की बहुतेकदा विक्री.

"तुम्ही लग्नाचा विचार करून आलात," बाई म्हणाल्या, "मी घटस्फोटाचा लिहून देते." मला त्या तेव्हा कोरड्या वाटल्या होत्या.

त्यांच्या सांगण्यावरून एक संस्था नोंदवली. जमीन संस्थेची, आमच्याकडे फक्त सभासदत्व. बाहेर पडणाऱ्याला त्याचा भाग आधी गटालाच द्यावा लागेल. किंमत त्रयस्थाकडून ठरेल. पैसे एकदम न देता तीन वर्षांच्या हप्त्यांत. हे शेवटचं कलम मला आवडलं नव्हतं. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला आपण हप्त्यांनी देणार? पण एकदम द्यायचे म्हटलं तर उरलेल्यांना जमीनच विकावी लागेल. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अशा वेळी वहीत लिहायला फार त्रास होतो.

पैशांवरून वाद झाला, पण तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी. वर्गणी घरटी की माणशी? तीन माणसांचं घर म्हणालं माणशी, सहा माणसांचं म्हणालं घरटी. तोडगा असा निघाला की खरेदी आणि मत घरटी, दरवर्षीचा खर्च माणशी. आमच्यातला एक जण प्लंबर आहे. त्याच्याकडे रोख फारशी नव्हती, आणि पाइप, पंप, टाकी यांतलं बाकीच्या आठ घरांना मिळून जेवढं कळत नाही तेवढं त्याला एकट्याला कळतं. त्याचा निम्मा हिस्सा कामातून फेडून घ्यायचं ठरलं. त्याच्या एका दिवसाच्या कामाचा भाव काय, यावर दीड तास चर्चा झाली. सगळा वेळ तो तिथेच बसून होता. ती बैठक आठवली की मला अजून कसंतरी होतं.

* * *

आणि मग पाहुण्यांचा प्रश्न.

एकतीस माणसं ठरली. पण माणूस काय मोजून एकतीस ठिकाणी संपतो? कुणाची आई भावाकडे राहते. कुणाचे सासू-सासरे. कुणाचा मित्र, ज्यानं याला एकदा मरणाच्या दारातून आणलं होतं. माझी धाकटी बहीण. ती एकटी राहते, अशा गोष्टींना हसते, आणि वर्गणी भरायची नाही म्हणून तिनं स्पष्ट सांगितलं होतं. वेळ आली तर मी तिला मागे ठेवून फाटकातून आत जाईन का?

हा प्रश्न नवा नाही. १९६१ साली अणुयुद्धाची भीती टिपेला पोहोचली होती, केनेडींनी अमेरिकन लोकांना घरोघरी निवारे करायला सांगितलं, आणि त्याच वर्षी तिथे जाहीर वाद पेटला तो या दाराबद्दल. शेजारी दार ठोठावू लागला तर? मॅकह्यू नावाच्या एका जेझुइट पाद्र्यानं एका कॅथलिक नियतकालिकात लिहिलं की आपल्या निवाऱ्यात घुसू पाहणाऱ्याला बळानं रोखायचा घरमालकाला नैतिक अधिकार आहे. त्यावर गदारोळ झाला. पाद्र्यानंच असं म्हणावं याचा लोकांना धक्का बसला. मला मात्र वाटतं, माणसानं निदान आधी बोलून तरी दाखवलं. आम्ही सगळे मनातल्या मनात आपापला पाहुणा लपवून बसलो होतो.

मार्ग सापडला तो पाचशे वर्षांपूर्वीच्या गायींमुळे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेनं जगभरातल्या सामाईक कुरणांचा, जंगलांचा, पाटबंधाऱ्यांचा अभ्यास केला. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्याआधी गॅरेट हार्डिननं १९६८ साली लिहून ठेवलं होतं की सगळ्यांचं कुरण म्हणजे उजाड होणारच. आपल्या म्हणीतलं घोडं, दुसरं काय. ऑस्ट्रॉमनं दाखवलं की शेकडो वर्षं टिकलेली घोडीही आहेत, आणि ती कशी टिकली ते पाहता येतं. तिच्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधलं ट्योर्बेल नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या लोकांनी १४८३ साली लेखी करार करून आपल्या सामाईक कुरणांची आणि रानाची व्यवस्था लावली. १५१७ सालचा त्यांचा एक नियम आहे. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर कुणी किती गायी सोडायच्या? तर हिवाळ्यात आपल्या गोठ्यात, आपल्या चाऱ्यावर जितक्या पोसता येतात तितक्याच.

मी तो नियम बैठकीत वाचून दाखवला आणि खोली गप्प झाली. पाहुणे आणा. किती? ज्यांच्या नावानं तुम्ही वर्षभर कोठी भरून ठेवली असेल तितके. नावानिशी, चिठ्ठी चिकटवून. त्यात दया नाही आणि निर्दयपणाही नाही. इतका सोपा नियम मी आयुष्यात पाहिला नव्हता. ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिल्या वर्षी चौदा जादा नावांचे डबे कोठीत आले. बहिणीच्या नावाचा एक डबा मी भरला, तिला न सांगता.

तिसऱ्या वर्षी जादा डबे दोन उरले होते. त्यात बहिणीचा नव्हता. तो मी बदलायला म्हणून घरी आणला होता आणि परत न्यायचा राहून गेला. "राहून गेला" हे दोन शब्द त्या वर्षांच्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळा आले आहेत.

* * *

कारण संकट आलं नाही.

सगळं तिथेच अडतं. आम्ही आणीबाणीची कितीतरी तयारी केली होती. काहीच न घडणाऱ्या वर्षांची तयारी कुणी केली नव्हती. पहिल्या श्रमदानाला बावीस माणसं आली, पोरांनी झाडांना पाट्या लावल्या. दुसऱ्या वर्षी बारा. तिसऱ्या वर्षी चार, आणि त्यांतल्या दोघांचं येताना गाडीत भांडण झालेलं. पेट्रोल काही महिन्यांत उतरतं, ते बदलायला हवं. पाण्यात टाकायचं द्रव क्लोरीन ठेवल्या ठेवल्या निकामी होत जातं. औषधांच्या तारखा उलटतात. बॅटऱ्या नुसत्या पडून मरतात. यातलं कुठलंच काम अवघड नाही. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत, आणि कंटाळ्यासमोर भीती टिकत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९६३ च्या कायद्यानंतर घराघरांखाली निवारे बांधले गेले. आज ते साडेतीन लाखांहून जास्त आहेत, देशातल्या जवळजवळ प्रत्येकाला जागा मिळेल इतके. ते रिकामे ठेवलेले नसतात. लोक तिथे वाइन ठेवतात, स्कीइंगचं सामान ठेवतात, आणि वरून अधूनमधून तपासणीही होते. हे मी कुठेतरी वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. बॉम्बपासून वाचायच्या खोलीत वाइन! आमच्या कोठीत मात्र संकटाशिवाय दुसरं काहीही ठेवायचं नाही असा आमचा कडक नियम. त्यामुळे तिथे जायला कुणाला कारणच उरलं नाही.

माणसंही बदलली. एक जोडपं वेगळं झालं. निम्मा हिस्सा दोघांनाही नको होता आणि दुसऱ्याला मिळू नये असंही दोघांना वाटत होतं. एक घर परदेशी गेलं, वर्गणी पाठवतं, फोटो मागतं. आमच्यातले सर्वांत वडील होते ते गेले. ती विहीर पहिल्यांदा त्यांनीच वाकून पाहिली होती आणि "पाणी गोड आहे" म्हणाले होते. त्यांच्या मुलांनी जमीन कधी पाहिलेली नाही. मुलं सभ्य आहेत. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं की बाबांचे पैसे कधी मिळतील. वकीलबाईंचं कलम तेव्हा कामाला आलं. पहिला हप्ता गेला त्या महिन्यात मी त्यांना फोन करून आभार मानले. त्यांना आम्ही कोण हे आठवत नव्हतं.

म्हणून मग २०२५ मधली ही रंगीत तालीम. कुणीतरी म्हणालं, निदान एकदा जाऊन तरी बघू.

* * *

"कुलूप कशाला उघडताय?"

आवाज फाटकाच्या आतून आला.

आत एक गृहस्थ उभे होते, साठीच्या आसपासचे, हातात रिकामी बादली. "मागून या ना," ते म्हणाले. "तिकडे तार मोकळी आहे."

आम्ही अकरा जण आमच्याच जमिनीला वळसा घालून मागे गेलो आणि तारेतल्या एका फटीतून, एकेक जण पाठ वाकवून, आमच्याच जमिनीत शिरलो. इंजिनियरचा शर्ट तारेला अडकून फाटला. गृहस्थ शेजारच्या शेतातले होते. त्यांची विहीर उन्हाळ्यात आटते, म्हणून तीन वर्षं ते आमच्या हातपंपाचं पाणी नेत होते.

आमच्यातल्या दोघातिघांचे चेहरे बदलले. घुसखोरी हा शब्द कुणीतरी हळूच उच्चारला. मलाही आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. तोवर मी कोठी उघडली होती. डबे फुगलेले. गाद्यांत उंदरांनी घर केलेलं. निळ्या पिंपातलं पाणी हिरवं. कंदिलाच्या बॅटऱ्यांतून पांढरी पूड बाहेर आलेली. एकतीस माणसं, चौदा पाहुणे, पाच बैठकांतले ठराव, आणि त्या खोलीत एकही वस्तू धड नव्हती.

प्लंबर सरळ पंपाकडे गेला. त्यानं दांडा धरून दाबला. एकदा. दुसऱ्यांदा दाबायच्या आत पाणी आलं, स्वच्छ आणि थंड. तो दांडा सोडून आमच्याकडे वळला.

"वॉशर कुणी बदलला?"

"मीच," गृहस्थ म्हणाले. "दोनदा बदलला."

प्लंबरनं आम्हाला समजावून सांगितलं. आत पाणी ओढणारा वॉशर चामड्याचा असतो. पंप रोज चालला की ते चामडं ओलं, मऊ राहतं. बंद ठेवला की सुकतं, आखडतं, चिरतं. मग कितीही दांडा हलवा, नुसती हवा येते. "हे जर आले नसते तर आज आपण कोरडे होतो," तो म्हणाला. त्याच्या कामाच्या दिवसाचा भाव आम्ही दीड तास ठरवत होतो, तोच हा माणूस. आता त्यानं एका वाक्यात एका परक्या माणसाच्या तीन वर्षांचा भाव केला होता.

घुसखोरी हा शब्द परत कुणी काढला नाही.

आम्ही जमिनीवरच बसलो. ट्योर्बेलच्या त्या करारात आणखी एक कलम होतं, जे मी बैठकीत वाचलं नव्हतं, कारण तेव्हा त्याची गरज वाटली नव्हती. गावात बाहेरच्या कुणी जमीन विकत घेतली, तरी त्यामुळे त्याला सामाईक कुरणावर हक्क मिळत नाही. वाचताना मी स्वतःला करार करणाऱ्यांत धरलं होतं. या रानात बाहेरून येऊन जमीन घेतलेले आम्ही होतो.

आणखीही एक गोष्ट मला त्या वेळी आठवली. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्याखालून ज्यांना जिवंत बाहेर काढलं, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी हातांनी काढलं होतं. पथकं नंतर पोहोचली. आम्ही जमीन घेतानाच्या यादीत शेजारी किती लांब आहेत हा मुद्दा होता. जितके लांब तितके गुण जास्त.

मत घ्यायला नऊ घरं हजर नव्हती. पाचच होती. तरी घेतलं. कुलूप कापून टाकायचं. कोठीतली एक खोली काकांच्या बियाण्याला आणि अवजारांना द्यायची. (एव्हाना आम्ही सगळे त्यांना काका म्हणू लागलो होतो.) त्यांनी पाणी न्यावं आणि पंपाकडे पाहावं. शंकेखोर नवऱ्यानं हात सगळ्यात आधी वर केला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. ते फार खूश वगैरे झाले नाहीत. बादली भरून बाजूला ठेवत म्हणाले, "ते सगळं ठीक. पण ताई, मला नावं लिहून द्या."

"कसली?"

"तुमची. रात्री-अपरात्री कुणी आलं आणि म्हणालं मी यांच्यातला, तर मी ओळखायचं कसं? कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही, ते माझ्या डोक्याला नको."

मी वहीतलं एक पान फाडलं आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवून लिहायला लागले. गेलेल्यांचं नाव सवयीनं सगळ्यात वर लिहिलं, मग त्यावर रेघ मारली. वेगळ्या झालेल्या दोघांची नावं लिहिली, मध्ये चार नावांचं अंतर ठेवून. परदेशी गेलेल्यांची लिहिली. पोटात असलेलं ते पोर आता पळतं, त्याचंही लिहिलं. शेवटचं नाव झाल्यावर मी पेन टेकवून थांबले. बहिणीच्या नावाचा डबा कोठीत नव्हता आणि नियम मीच आणला होता. कुणी बघत नाही असं पाहून मी तिचं नाव खाली लिहिलं.

काकांनी पान घेतलं, लांब धरून ओठ हलवत खालपर्यंत वाचलं, बोटानं मोजलं. मग ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "आणि आमची पाच?"

मी पेन त्यांच्या हातात दिलं.